ई-हक्क प्रणालीवरून वारस नोंद : पाचपैकी साडेतीन तारे

करवीर तालुक्यात जमीन आहे आणि वारस नोंद करायची आहे, तर अर्ज ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरूनच करा. प्रणाली चांगली आहे. तारे कापले ते बहुतेक टेबलापलीकडच्या सवयींमुळे.

आमचं रान भोगावतीकाठी, सगळं उसाचं. आबा गेल्यावर सातबाऱ्यावर आई, दादा आणि आम्हा दोघी बहिणींची नावं लागायची होती. त्याशिवाय सोसायटीचं पीककर्ज अडतं. दादा पुण्यात नोकरीला, म्हणून अर्ज मी केला. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, 8अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा उतारा) वरचा खाते क्रमांक एवढं हाताशी असलं की फॉर्म घरबसल्या भरून होतो. फॉर्म सोपा मराठीत आहे. कागद स्कॅन करून चढवताना साइट अधूनमधून अडकते, रात्री बरी चालते. शेवटी अर्ज क्रमांक मिळतो. तो जपा, पुढचं सगळं त्याच्यावर चालतं.

कारण तलाठ्यांच्या कार्यालयात (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) पहिलं वाक्य ऐकलं ते असं : "ताई, ऑनलाइन केलंय ते असू दे, कागदाची एक फाइल पण द्या." मी म्हटलं, "भाऊसाहेब, अर्ज तुमच्या लॉगिनला आलाय. कागद कमी असेल तर तिथंच त्रुटी काढा, मी पूर्ण करते." मग दुसरं आलं : "बहिणींचं हक्कसोडपत्र आणा, म्हणजे एकदाच काम होईल." याचा मला खरा राग आला. वारस नोंदीत सगळ्या वारसांची नावं लागतात. हक्क सोडायचा की नाही हा नंतरचा प्रश्न, आणि त्यासाठी नोंदणीकृत दस्त लागतो. किती बायकांची नावं या एका वाक्यानं सातबाऱ्यावर चढलीच नसतील! मी शांतपणे सांगितलं, हक्कसोड लागतं असं लेखी द्या. लेखी काही आलं नाही, फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल) मात्र धरला गेला.

त्यानंतर नमुना 9 ची नोटीस निघते आणि हरकतीसाठी 15 दिवस असतात. ही नोटीस 'आपली चावडी' या ऑनलाइन सूचना फलकावर कुणालाही दिसते, हा मला सर्वांत मोठा बदल वाटतो. पूर्वी चावडीच्या भिंतीवरचा कागद कुणी बघायचं नाही. हरकत आली नाही की सर्कल (मंडळ अधिकारी) फेरफार प्रमाणित करतात आणि सातबारा आपोआप बदलतो. आमचं सर्कलकडे जरा रेंगाळलं. अर्ज क्रमांक आणि नोटिशीची तारीख लिहून तहसीलदारांच्या नावे अर्ज दिला, आवक शिक्क्याची पोच घेतली, मग हललं. पोच न घेता कुठलाही कागद देऊ नका.

आपल्या कोल्हापुरात बदलाला असा विरोध नवीन नाही. शाहू महाराजांनी 1918 मध्ये कुलकर्णी वतनं (गावचं दप्तर सांभाळायचा पिढीजात हक्क) रद्द करून पगारी तलाठी नेमले, तेव्हाही विरोध प्रचंड झाला. गावाचं दप्तर एका घराच्या कपाटातून बाहेर काढायचं होतं. आज ते लॉगिनमध्ये आलंय, तर ते लोकांना दिसू देण्यात अवघड काय आहे? त्याच कार्यालयातली एक तरुण कर्मचारी मुलगी म्हाताऱ्या माणसांचे अर्ज स्वतः तपासून देत होती, कुठला कागद राहिला ते समजावून सांगत होती. तिच्यासारखे चार जण असते तर मी पाच तारे दिले असते.

एक सूचना मात्र पाळाच. नोटीस दिसली की त्याच दिवशी नावं, गट नंबर अक्षर न अक्षर तपासा. चूक त्याच वेळी सांगता येते. एकदा फेरफार प्रमाणित झाला की साध्या लेखनचुकीसाठीसुद्धा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली वेगळा अर्ज करावा लागतो. सगळं बरोबर निघालं, की 15 रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढून सोसायटीत द्या.