सबवूफर जळलाय सांगून नवीन सेट गळ्यात मारला, जुना माल दुकानात सोडू नका

गाडीत सबवूफर (खालच्या घुमणाऱ्या आवाजाचा मोठा स्पीकर), अँप (त्याला पॉवर देणारा ॲम्प्लिफायर) वगैरे लावलेल्यांनी हे पूर्ण वाचा, जरा मोठं झालंय पण वाचा.

माझ्या स्विफ्टच्या डिकीत १२ इंची सब आहे, ४ ओहमचा, सोबत मोनो अँप. मोठ्या भावाने त्याच्या गाडीतून काढून मला दिलेला, माल चांगला, कधी त्रास नाही. यंदाच्या पावसाळ्यानंतर मात्र तो मधेच बंद पडायला लागला, खड्ड्यात गाडी आदळली की बंद, थोड्या वेळाने आपोआप चालू, अँपची लाईट कधी हिरवी कधी लाल. म्हणून पुण्यातल्या एका कार ॲक्सेसरीजच्या दुकानात दाखवायला नेली. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

फिटिंगवाल्या पोराने डिकी उघडून बघितलं आणि म्हणाला दादा तुम्ही बसा, चहा घ्या, मी आत बेंचवर लावून बघतो. अँप आणि सब दोन्ही काढून आत घेऊन गेला. चहा होईपर्यंत बाहेर आला तर म्हणे अँप पूर्ण डेड, लाईटच येत नाही. मी म्हणलं अरे आत्ता गाडीत लाईट येत होती की, तर म्हणे सबची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) जळून शॉर्ट झाली की ती अँपला पण घेऊन जाते दादा. मग माझ्यासमोर सबचा कोन, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, एका बाजूने अंगठ्याने दाबून दाखवला, आतून खर्रखर्र आवाज आला. म्हणे बघा, कॉइल घासतीय.

हा अंगठ्याचा प्रकार नीट समजून घ्या. चांगल्यातला चांगला सबसुद्धा एका कडेने दाबला की कोन तिरका होतो आणि कॉइल मॅग्नेटला घासते. दोन्ही हातांची बोटं कोनवर गोल पसरून सगळीकडून सारखं हळू दाबायचं, तेव्हा घासल्याचा आवाज आला तरच शंका घ्यायची. त्याला हे माहीत नसेल हे मला शक्यच वाटत नाही, रोजचं काम आहे त्याचं.

मग नवीन १२ इंची सब, '३००० वॉट' छापलेला अँप आणि वायरिंग किट मिळून १६,५०० सांगितले. पक्कं बिल पाहिजे तर जीएसटी वर लागेल, वॉरंटी माझ्या शब्दावर. आणि जुना माल इथेच ठेवून जा, भंगारचे ८०० कमी करतो, हे तो इतक्यांदा म्हणाला की मलाच कसंतरी वाटलं. पण वस्तू भावाची, त्याला न विचारता देता येईना म्हणून मी घरी घेऊन आलो. आज माझ्या हातात जो काही पुरावा आहे तो फक्त यामुळे आहे.

थोड्याच दिवसांत नवीन सेट पण तसाच बंद, खड्डा आला की बंद, लाईट लाल. माझा एक मित्र भोसरीत कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, तो मीटर घेऊन आला. अँपच्या प्लस आणि ग्राउंड टर्मिनलवर मीटर लावलं आणि ग्राउंडची वायर हलवली तर व्होल्टेज १२.५ वरून धडाधड खाली. मग प्लस तसाच ठेवून काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, तिथे १२.५ एकदम स्थिर. म्हणजे प्लसची लाईन ठीक, दोष ग्राउंडला. ग्राउंडची वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा बोल्ट काढला तर खाली पत्र्यावर रंग तसाच आणि बोल्टला गंज. सँडपेपरने पत्रा चकचकीत केला, बोल्ट आवळला, संपलं. व्होल्टेज पडलं की अँप प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो, आणि लाल लाईट लागते, एवढीच भानगड होती. नवीन सेट बसवताना त्यांनी तोच बोल्ट वरवर आवळला म्हणून आधी चालला.

मग जुना सब काढला. मीटरवर ३.६ ओहम, ४ ओहमच्या सबला डीसी रेझिस्टन्स साधारण तेवढाच येतो. कॉइल तुटली असती तर मीटरने ओपन दाखवलं असतं. ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवली तर कोन टुणकन पुढे, घासल्याचा आवाज नाही की जळका वास नाही. सब शंभर टक्के ठणठणीत.

आता अँप, आणि इथे माझं डोकंच फिरलं. अँपवर छापलंय फ्यूज ३० अँपिअर, भावाकडे त्याचा जुना फोटो आहे त्यात हिरवी ३० ची फ्यूज स्पष्ट दिसते. आणि आत्ता आत होती पिवळी, २० ची, जळलेली. गाडीत लाईट लागत होती म्हणजे तोपर्यंत फ्यूज शाबूत होती. म्हणजे मी बाहेर चहा पीत असताना आत चांगली फ्यूज काढून जळकी बसवली. मित्राने ३० ची टाकली आणि अँप लगेच चालू. ही चूक नाही हो, ही चोरी आहे, आणि ज्याला वायरींमधलं काही कळत नाही अशा माणसाशी दुकानात बसवून, चहा पाजून केलेली.

दिलेला माल पण बघा. '३००० वॉट'च्या अँपला फ्यूज २५ ची. २५ गुणिले १४ व्होल्ट म्हणजे ३५०, इतकीच पॉवर आत जाऊ शकते, बाहेर त्याहून कमीच येणार. घेताना आरएमएस (सतत मिळणारी खरी पॉवर) किती ते विचारा, डब्यावरचा आकडा सोडा. वायर बाहेरून अंगठ्याएवढी जाड, ब्लेडने खरवडली तर आत ॲल्युमिनियमवर नुसता तांब्याचा मुलामा. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे बॅटरीपासूनची फ्यूज त्यांनी मागे डिकीत लावली होती, ती बॅटरीपासून फूट दीड फुटात पाहिजे, नाहीतर मधे कुठे वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर बॅटरीचा सगळा करंट त्या वायरीतून जातो आणि गाडी पेटते. माझी मुलगी मागच्या सीटवर बसते.

दुकानात गेलो तर मालक म्हणे लावलेला माल परत होत नाही, आणि बिल कुठाय. बिल त्यांनीच दिलं नव्हतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे बोललो तेव्हा जरा आवाज खाली आला. माझ्याकडे यूपीआयचं पेमेंट आहे, व्हॉट्सॲपवर त्यांनी पाठवलेला रेट आहे, फ्यूजचे फोटो आहेत. १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकली, त्यानंतर दुकानातून स्वतःहून फोन आला. आता अँपचे पैसे परत द्यायला तयार आहेत, सब आणि वायरिंगचे नाही म्हणतात. मला ते मान्य नाही. पूर्ण १६,५०० मिळाले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, स्वतः बाजू मांडता येते आणि दोन वर्षांची मुदत असते. जुना अँप, ती पिवळी फ्यूज आणि कापलेली वायर सगळं पिशवीत बांधून ठेवलंय.