टॅली क्लाऊडवर नेऊन सांभाळण्याचा धंदा: दिवाळी ते पावसाळा वापरानंतरचा अनुभव

पीसी, प्रिंटर, यूपीएस विकायचे आणि त्याच गिऱ्हाइकाची वर्षाची एएमसी (देखभालीचा करार) करायची, हा सांगली-इचलकरंजी पट्ट्यातल्या छोट्या कॉम्प्युटर फर्मचा जुना धंदा. हार्डवेअरमधला नफा ऑनलाइन विक्रीने कधीच खाल्ला. एएमसीचा दर वाढवून मागितला की शेठजी दुसऱ्याचं कोटेशन पुढे करतात. अशा फर्मनी सूत व्यापारी, अडते, सीए यांचं टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या भाड्याच्या क्लाऊड सर्व्हरच्या, मुंबई रीजनवर हलवून महिन्याच्या फीवर सांभाळायचं, हा पर्याय कितपत चालतो यावर हे लिहितोय. दिवाळीला सुरुवात झाली. मधे मार्च-एंड आणि लाईट जाण्याचा पावसाळा असे दोन्ही कस लागून झाले.

आधीच सांगतो, सर्व्हर भाड्याने देण्यात पैसा नाही. डिस्ट्रिब्युटरमार्फत क्लाऊड विकून मिळणारं मार्जिन इतकं पातळ आहे की एका गिऱ्हाइकाने बिल दोन महिने थकवलं तर वर्षाची कमाई गेली. पैसा आहे तो भोवतीच्या कामात: बॅकअप परत उघडून दाखवणं, प्रिंटर चालता ठेवणं, बिलावर नजर ठेवणं, लॉग (सर्व्हरवरच्या हालचालींच्या नोंदी) जपणं. हे काम गिऱ्हाइकाला जमत नाही आणि एडब्ल्यूएस त्याच्यासाठी करत नाही.

मशीन किती मोठं घ्यावं

पाच जण टॅलीप्राइमवर बसणार असतील तर दोन व्हीसीपीयू (भाड्याचे प्रोसेसर) आणि आठ जीबी रॅमचं टी-थ्री लार्ज हे एडब्ल्यूएसचं मशीन पुरतं. विंडोज सर्व्हर स्वतःच दोनेक जीबी खातो, प्रत्येक सेशन (एका माणसाने आपल्या पीसीवरून दुरून उघडलेलं काम) पाऊण ते एक जीबी. गणित बिघडतं ते सर्व्हरवर कोणी क्रोम उघडलं की. दहा टॅब उघडे ठेवणारा एक माणूस बाकीच्या चौघांना रडवतो. सर्व्हरवरचा ब्राउझर पहिल्याच दिवशी बंद करा आणि जीएसटी पोर्टलचं काम लोकल पीसीवरच ठेवा. नाहीतरी डीएससीचा (डिजिटल सहीचा) टोकन लोकल पीसीलाच लावावा लागतो, आणि रिमोट सेशनमधून सही करायला गेलं की टोकन कधी दिसतो, कधी दिसत नाही.

टी-थ्री मशीन क्रेडिटवर, म्हणजे कमी वापरात साठवलेल्या प्रोसेसरच्या वेळेवर, चालतं. लार्जला प्रत्येक व्हीसीपीयूमागे ३० टक्के बेसलाइन (कायम वापरता येणारी मर्यादा) मिळते, वरचं साठवलेल्या क्रेडिटमधून जातं. 'अनलिमिटेड' मोड मुळातच चालू असतो. त्यामुळे क्रेडिट संपलं तरी मशीन मंद होत नाही, बिल मात्र गुपचूप वाढतं. रात्री बंद ठेवलेल्या मशीनवर सकाळी दहा वाजता विंडोज अपडेट सुरू होणं हे याचं नेहमीचं कारण. अपडेटसाठी रविवारची रात्र राखून ठेवा आणि मशीन त्या वेळेपुरतं चालू करा.

डिस्क जीपी-थ्री प्रकारची घ्या. कोणत्याही आकाराला ३,००० आयओपीएस (सेकंदाला वाचण्या-लिहिण्याच्या क्रिया) मिळतात, टॅलीला त्याहून जास्त लागत नाहीत. सी ड्राइव्हला मुळात मिळणारे ३० जीबी अपडेटच्या कचऱ्याने भरतात, म्हणून ५० द्या. डेटासाठी वेगळी ३० जीबीची डिस्क. डिस्क वाढवता येते, लहान करता येत नाही. त्यामुळे 'असू दे' म्हणून २०० जीबी घेऊ नका.

सुरुवातीलाच बदलायच्या दोन गोष्टी राहून जातात. विंडोजचं मशीन यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेवर येतं, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. आणि तारीख अमेरिकन पद्धतीची. बँकेच्या स्टेटमेंटमधलं ०३/०४ हे ३ एप्रिल असताना इम्पोर्टमध्ये ४ मार्च होऊन बसतं. एंट्री गेल्या आर्थिक वर्षात जाते आणि सीए विचारतात तेव्हा कोणालाच काही सुचत नाही.

लायसन्स

एका वेळी एकापेक्षा जास्त जण बसणार असतील तर टॅलीचं सिल्व्हर चालत नाही, गोल्ड लागतं. मशीन बदलण्याआधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करून (जुन्या मशीनवरून मोकळं करून) ठेवा, नाहीतर नव्या मशीनवर ॲक्टिव्हेशनला सपोर्टच्या मागे लागावं लागतं.

विंडोजची गोष्ट जास्त फसवी आहे. सर्व्हरवर दोन रिमोट सेशन फुकट मिळतात, पण ती देखभालीसाठी; रोजच्या कामाच्या माणसांसाठी नाहीत. आरडीएसचा (अनेकांना दुरून बसू देणाऱ्या विंडोज सेवेचा) रोल टाकला की लायसन्सशिवाय वापरायची १२० दिवसांची सवलत सुरू होते. सगळं छान चालतं, गिऱ्हाईक खूश, आणि चार महिन्यांनी एका सकाळी कोणालाच लॉगिन होत नाही. दिवाळीनंतर बसवलेल्या मशीनची मुदत बरोब्बर मार्चमध्ये संपते. प्रत्येक माणसामागचं आरडीएस लायसन्स कोटेशनमध्ये पहिल्या दिवसापासून धरा. एमएस ऑफिस सर्व्हरवर टाकण्याच्या भानगडीत पडू नका. तिथले लायसन्सचे नियम वेगळे आहेत, आणि एक्सेल फाइल लोकल पीसीवर उघडता येते.

डॉट मॅट्रिक्सचं दुखणं

सगळ्यात जास्त फोन कशाचे येतात? इंटरनेटचे नाहीत, प्रिंटरचे. मार्केट यार्डात आजही बिल नऊ पिनांच्या डॉट मॅट्रिक्सवर, कार्बन कॉपीसह निघतं. रिमोट सेशनमध्ये विंडोज 'ईझी प्रिंट' वापरतो आणि मजकुराचं चित्र करून पाठवतो. प्रिंटरचं डोकं एकेका ओळीवर पुन्हा पुन्हा फिरतं, चार सेकंदांत निघणारी पावती मिनिटभर घेते आणि ट्रकवाला खिडकीत उभा राहतो. शिवाय कागद ए-फोर समजून पुढे सरकवला जातो, त्यामुळे दुसरी पावती अर्धी एका पानावर, अर्धी दुसऱ्यावर.

उपाय असा: प्रिंटरचा मूळ ड्रायव्हर सर्व्हरवरही टाका, ग्रुप पॉलिसीमधून (विंडोजच्या सामायिक नियमांतून) ईझी प्रिंटची पहिली पसंती बंद करा, प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये १० बाय ६ इंचांचा स्वतंत्र फॉर्म तयार करा आणि टॅलीत 'नीट'ऐवजी 'डॉट मॅट्रिक्स' फॉरमॅट निवडा. तरीही एक कटकट उरते. रिमोट प्रिंटरच्या नावात सेशन नंबर असतो, तो रोज बदलतो आणि टॅली कालचा प्रिंटर शोधत बसतं. म्हणून लोकल पीसीचा डिफॉल्ट प्रिंटरच सेशनचा डिफॉल्ट राहील अशी पॉलिसी लावा. या कामाला दोन तास लागतात. त्याचे वेगळे पैसे लावा. गिऱ्हाईक खळखळ न करता देतं, कारण त्याला दुखणं दिसत असतं.

रात्री बंद ठेवण्याचं गणित

महिन्याचे तास साधारण ७३० धरतात. सकाळी साडेनऊ ते रात्री साडेआठ, २६ दिवस, म्हणजे २८६ तास, जेमतेम ३९ टक्के. मशीनचं भाडं तेवढंच पडतं. मात्र डिस्क आणि राखून ठेवलेला आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) यांचा मीटर मशीन बंद असतानाही चालू राहतो. सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्त्याला १ फेब्रुवारी २०२४ पासून तासाला ०.००५ डॉलर लागतात, महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. एक गिऱ्हाईक असेल तर किरकोळ, वीस असतील तर नाही. वर्षाचा सेव्हिंग्ज प्लॅन (वापराच्या हमीवर मिळणारी सवलत) अशा मशीनला घेऊ नका. तो प्रत्येक तासाची हमी मागतो, रात्रीचे तास वाया जातात.

आपोआप बंद होणाऱ्या मशीनचे शत्रू म्हणजे ११ आणि २० तारीख. जीएसटीआर-१ आणि ३-बी या जीएसटी रिटर्नच्या मुदतीच्या आदल्या रात्री अकाउंटंट अकरा वाजेपर्यंत बसतो. साडेआठला मशीन खाली गेलं आणि टॅलीत व्हाउचर उघडं असेल तर डेटा दुरुस्त करत बसावं लागतं. त्या दोन तारखांच्या आदल्या दिवशी आणि २५ मार्चनंतर शेड्यूल बंद ठेवा. चालू करायची वेळ अर्धा तास आधीची ठेवा. बंद मशीनची जागा राखलेली नसते, त्यामुळे क्वचित पहिल्या प्रयत्नात ते सुरू होत नाही. सुरू झालं नाही तर एसएमएस यावा अशी सोय हवीच.

बजेट अलर्ट (बिल ठरलेल्या रकमेवर गेल्याची सूचना) म्हणजे कुलूप नव्हे. अलर्ट कित्येक तास उशिरा येतो आणि खर्च स्वतःहून थांबवत नाही.

दार कोणतं उघडं ठेवायचं

रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट जगाला उघडा ठेवला तर काही तासांत पासवर्ड ठोकून बघणारे येतात. लॉगिनच्या फसलेल्या नोंदींनी लॉग भरतो. फक्त दुकानाच्या आयपीला परवानगी द्यावी तर गावातला इंटरनेटवाला स्थिर आयपी देत नाही, किंवा एकच आयपी शंभर घरांत वाटलेला असतो. वायरगार्डचा व्हीपीएन (दुकान ते सर्व्हर खाजगी, सुरक्षित जोडणी) हा स्वस्त आणि सरळ मार्ग. पण व्हीपीएनवरून सर्व्हरचं फोल्डर मॅप करून लोकल टॅलीत उघडू नका. लाईन क्षणभर तुटली तरी डेटा बिघडतो. टॅली आणि डेटा एकाच मशीनवर, माणूस रिमोटने. लाईन गेली तरी सेशन तिकडे चालूच असतं. पावसाळ्यात हा फरक चांगलाच कळला.

खरा माल: बॅकअप

कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांतल्या ५ ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर कंपन्यांना हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. त्याआधी नियमात 'ठराविक काळाने' असं होतं. प्रायव्हेट लिमिटेड असलेल्या कितीतरी सूत व्यापाऱ्यांना हे माहीत नाही. त्यांच्या सीएंना माहीत असतं. म्हणून विक्रीची सुरुवात सीएकडून करा. रीजन मुंबई किंवा हैदराबाद. नव्या खात्यात अनेकदा अमेरिकेतला रीजन उघडलेला असतो, वरचा कोपरा बघूनच बटण दाबा.

मांडणी अशी: रात्री टॅलीचा स्वतःचा बॅकअप, मग एस-थ्रीवर (एडब्ल्यूएसच्या फाइल साठ्यावर) कॉपी, व्हर्जनिंग (जुन्या प्रती ठेवणं) आणि ऑब्जेक्ट लॉक (मुदतीपर्यंत पुसू न देणं) चालू. सर्व्हरला फक्त फाइल टाकण्याची परवानगी, पुसण्याची नाही. रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) घुसलं तर ते आधी बॅकअप शोधतं. ऑब्जेक्ट लॉक सुरुवातीला 'गव्हर्नन्स' मोडमध्येच ठेवा. 'कम्प्लायन्स' मोडमध्ये चुकून आठ वर्षं टाकली तर मुदत संपेपर्यंत रूट युजरलाही (खात्याच्या मूळ मालकालाही) ती फाइल पुसता येत नाही, आणि भाडं भरत राहावं लागतं. जुने बॅकअप ग्लेशिअर डीप आर्काइव्ह या एडब्ल्यूएसच्या जुन्या फाइलींच्या साठ्यात स्वस्तात राहतात, पण किमान १८० दिवसांचं भाडं लागतंच, म्हणून रोजच्या फाइली तिथे नकोत. महिनाअखेरची एक पाठवा. जीएसटीला वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने, कंपनी कायद्याला आठ आर्थिक वर्षं रेकॉर्ड जपावं लागतं, हे हिशेबात धरा.

महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर बॅकअप रिस्टोअर करून ट्रायल बॅलन्सची बेरीज मूळ डेटाशी जुळवा आणि एका पानाचा रिपोर्ट सीएला पाठवा. क्लाऊडचा खर्च काही रुपयांत, माणसाचा वेळ पाऊण तास. या एका पानावर एएमसीचा दर वाढवून मिळतो. टॅली दुकानातच ठेवून फक्त हा बॅकअप घेणारं गिऱ्हाईकही मिळतं, आणि खरं तर तेच सगळ्यात कमी त्रासाचं.

असाच दुसरा माल म्हणजे लॉग. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. क्लाऊडट्रेलचा (एडब्ल्यूएस खात्यातल्या हालचालींच्या नोंदींचा) फुकट इतिहास ९० दिवसांचा, म्हणजे ट्रेल एस-थ्रीत वळवल्याशिवाय अर्धाच नियम पाळला जातो. विंडोजचा सिक्युरिटी लॉग मुळात २० एमबीचा; उघड्या पोर्टवर तो दोन दिवसांत स्वतःवरच लिहायला लागतो.

पैसे अडकू नयेत म्हणून

दर डॉलरचे, गिऱ्हाइकाला पावती रुपयांत. वर्षाचा ठोक दर देताना रुपया घसरेल याची तजवीज ठेवा किंवा दर तिमाहीला बदल होईल असं लिहा. समजा बिल ६,००० आलं, तर त्यावर १८ टक्के जीएसटी १,०८० होतो. खात्यात जीएसटी नंबर टाकलेला असेल तर या कराचं इनपुट क्रेडिट मिळतं. फर्म कंपोझिशनमध्ये (ठोक दराने जीएसटी भरायच्या, क्रेडिट नसलेल्या योजनेत) असेल तर हे १,०८० थेट खर्चात जातात, आणि बरेच जण कोटेशन देताना हेच विसरतात.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु सेवा फर्मला १९६१ च्या आयकर कायद्यातलं ४३-बी(एच) कलम फार कामाचं ठरलं. लेखी करार असेल तर ४५ दिवसांच्या आत, नसेल तर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर गिऱ्हाइकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. मार्चच्या आधी बिलाखाली उद्यम नंबर छापा. वसुलीचे निम्मे फोन वाचतात.

करारात ९९.९ टक्के अपटाइमचं (चालू राहण्याच्या वेळेचं) वचन देऊ नका. एकट्या मशीनसाठी एडब्ल्यूएसची हमी ९९.५ टक्क्यांची आहे, म्हणजे महिन्याला साडेतीन तास बंद राहिलं तरी हमी मोडत नाही. मोडली तरी भरपाई बिलातल्या क्रेडिटची. व्यापाऱ्याच्या अडकलेल्या गाडीची नाही.

प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतंत्र खातं द्या, सगळ्यांची मशीनं एकाच खात्यात कोंबू नका. रूटचा ईमेल गिऱ्हाइकाच्या डोमेनचा हवा, अकाउंटंटचा वैयक्तिक जीमेल नको. अकाउंटंट नोकरी सोडतो आणि खात्याची किल्ली त्याच्या मोबाइलमध्ये निघून जाते.

कोणाला देऊ नये

एकच माणूस टॅलीवर बसणारं दुकान: त्याला पीसी आणि रोजचा क्लाऊड बॅकअप पुरे. फोटो स्टुडिओ, कॅड ड्रॉइंगवाले: रिमोट सेशनवर त्यांचं काम रखडतं आणि मोठ्या फाइली बाहेर काढायला महिन्याच्या पहिल्या १०० जीबीनंतर दर जीबीला पैसे पडतात. आणि ज्या गावात दुसरी इंटरनेट लाईन मिळतच नाही तिथे, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी, आधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आठवडाभर चालवून बघायला सांगा. त्यावर जमलं तर ऑर्डर घ्या.