अँबेसिडर १४८९: मूळ हेड तयार करून घ्यावं की एमजीबीचं चढवावं, आणि कॅम कोणता?

अँबेसिडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन उघडलं की हमखास कुणीतरी सुचवतं, ‘हेड खाली आलंच आहे, तर एमजीबीचं मोठं हेड टाक.’ हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह बसतात; एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार. दोन्ही इंजिनांचं घराणं एकच, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची (बीएमसी) बी-मालिका. स्टड जुळतात, पाच पोर्टची मांडणीही तीच. म्हणून बसतं. बसतं आणि चालतं यात मात्र फरक आहे, आणि तो कॅमशिवाय, म्हणजे व्हॉल्व्ह कधी उघडायचे-मिटायचे ते ठरवणाऱ्या शाफ्टशिवाय, समजत नाही.

आधी कॅम पाहू. सलून गाडीच्या मूळ कॅमवर इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या ५ अंश आधी उघडतो आणि खालच्या टोकानंतर ४५ अंश उशिरा मिटतो. एक्झॉस्टचे आकडे ४० (खालच्या टोकाआधी उघडतो) आणि १० (वरच्या टोकानंतर मिटतो). एमजीबी आणि तिच्या आधीच्या एमजीएच्या कॅमवर तेच १६-५६ आणि ५१-२१. म्हणजे व्हॉल्व्ह २३० अंशांऐवजी २५२ अंश उघडा, आणि ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ) १५ ऐवजी ३७. इनटेक ११ अंश उशिरा मिटल्याने कमी आरपीएमला पिस्टन वर येताना मिश्रण परत कार्बोरेटरकडे ढकलतो. पाम बीच रोडवर सकाळी सहाला हा कॅम मजा देईल. घोडबंदर रोडवर संध्याकाळी दुसऱ्या गियरमध्ये रांगताना तीच गाडी धक्के देईल, आयडल डुगडुगेल.

१९५५ साली आलेल्या एमजीएचं इंजिनही १४८९ सीसीचंच होतं, पण त्याच्यासोबत दोन एसयू कार्बोरेटर आणि ८.३ कॉम्प्रेशन होतं. एकच सोलेक्स कार्बोरेटर ठेवून नुसता कॅम आणला तर खालचं खेचणं जातं आणि वरचं मिळत नाही.

आता हेड. सुरुवातीच्या एमजीबी हेडचं चेंबर (मिश्रण जळतं ती हेडमधली पोकळी) साधारण ४२-४३ सीसीचं, कारण ते १७९८ सीसीसाठी केलेलं. आपल्या एका सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम, म्हणजे पिस्टन व्यापतो ती जागा, ३७२ सीसी. समजा आज कॉम्प्रेशन ८ आहे, तर वरची एकूण जागा ५३ सीसी. चेंबर ४ सीसीने वाढलं की कॉम्प्रेशन साडेसातवर घसरतं. त्यावर उशिरा मिटणारा कॅम घातला तर नुकसान दुप्पट. एमजीबी हेड आणि एमजी कॅम ही जोडी ऐकायला झकास, पण १४८९ वर सगळ्यात फसवी आहे.

फेसिंग करून, म्हणजे हेडची खालची बाजू तासून, भरपाई होते, पण चेंबरचं क्षेत्रफळ ३०-३५ चौरस सेंटीमीटर धरलं तर १ मिलिमीटर काढल्यावर जेमतेम ३ ते साडेतीन सीसी कमी होतात. तेवढं तासलं की पुशरॉड (कॅमची हालचाल वरच्या रॉकरपर्यंत नेणाऱ्या कांड्या) लांब पडतात आणि रॉकरच्या पेडेस्टलखाली शिम घालावी लागते. शिवाय एमजीबीचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मोठा आणि आपला बोअर ७३ मिलिमीटरचाच, त्यामुळे व्हॉल्व्हची कड ब्लॉकवर आदळू शकते. ब्लॉकच्या कडेवर मऊ क्ले लावा, जुनी दबलेली गॅसकेट घालून हेड आवळा, टॅपेटचं क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट) सेट करा आणि इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. स्टार्टर अजिबात नको. हेड काढून क्ले कापा. दीड मिलिमीटरपेक्षा पातळ ठसा असेल तर ब्लॉकला खाच मारावी लागेल, आणि ते काम परत फिरवता येत नाही.

मूळ हेडवर तेवढाच खर्च केलात तर गाडी जास्त बदलते. वागळे इस्टेट किंवा रबाळे-तुर्भे पट्ट्यातल्या मशीन शॉपला हेड देण्याआधी डाय (तडा दाखवणारा रंग) टाकून एक्झॉस्ट सीटजवळ, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेजवळ, तडा आहे का ते बघून घ्या. तडा निघाला तर पुढचे पैसे वाचले. मग व्हॉल्व्हचे नवे गाइड, आणि एक्झॉस्टला कडक सीट इन्सर्ट. पेट्रोलमध्ये आता शिसं नाही, त्यामुळे बिडाच्या सीटवर व्हॉल्व्ह हळूहळू आत बसत जातो. टॅपेटचं क्लिअरन्स दर थोड्या दिवसांनी कमी होत असेल तर रोग हाच. फेसिंग सपाटीपुरतंच करा. चारही चेंबर ब्युरेटने मोजून अर्ध्या सीसीच्या आत आणा. हे सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

हायवेवर जास्त चालवता आणि कार्बोरेटरवरही खर्च करणार आहात, तर मूळ हेडसोबत एमजी कॅम चालेल. मात्र घेताना फ्यूएल पंपचा एक्सेंट्रिक (पंप चालवणारा कॅमवरचा उंचवटा) आहे का बघा. एमजीला इलेक्ट्रिक पंप असल्यामुळे बऱ्याच कॅमवर तो नसतो, आणि मग तुमचा मेकॅनिकल पंप निकामी. टॅपेट (कॅम आणि पुशरॉडमधले ठोकळे) नवेच घाला. एमजीबीच्या उशिराच्या १८व्ही इंजिनाचे टॅपेट आखूड आणि पुशरॉड लांब असतात, त्यांची सरमिसळ करू नका. डिग्री व्हीलवर (क्रँकला लावायची अंशांची तबकडी) पहिल्या सिलिंडरचा इनटेक टीडीसीनंतर (पिस्टनच्या वरच्या टोकानंतर) ११० अंशांवर पूर्ण उघडायला हवा. दोन्ही कॅमना आकडा एकच. लोबला (कॅमवरच्या उंचवट्यांना) मॉलिब्डेनम पेस्ट लावा, आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर वीस मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास ठेवा, आयडलवर सोडू नका. नाहीतर लोब तिथेच खरवडतो.

गाडी पन्नाशी ओलांडलेली असेल आणि व्हिंटेजचा ‘व्हीए’ नंबर घ्यायचा असेल, तर एमजीबी हेडचा विषयच सोडा. त्या नियमात इंजिनात बदल नसलेली, मूळ रूपातली गाडी लागते. काढलेला मूळ कॅमही भंगारात देऊ नका, तेल लावून उभा टांगून ठेवा.