बीटस्टेप प्रो: रूपकात वाजणारा सीक्वेन्सर

फोंड्यात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून सीक्वेन्सर (सूर आणि ठोके ठरवलेल्या क्रमाने दुसऱ्या वाद्यांकडून वाजवून घेणारं यंत्र) घेताना पहिली अट होती, यूएसबीवर चालला पाहिजे. आर्टुरियाचा बीटस्टेप प्रो पॉवर बँकेवर चालतो. (त्याला जोडलेल्या सिंथचं, म्हणजे आवाज काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचं, काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.)

दोन सुरांचे सीक्वेन्सर, एक सोळा आवाजांचा ड्रम सीक्वेन्सर, प्रत्येकी ६४ स्टेप्सपर्यंत (स्टेप म्हणजे क्रमातलं एक घर). खरी मजा आहे लांबी बदलण्यात. 'लास्ट स्टेप' दाबून धरा, चौदावं बटण दाबा. मात्रेला दोन स्टेप्स धरल्या की सात मात्रांचा रूपक तयार. ड्रम सोळावर ठेवून बेस चौदावर टाकला तर दोघं ११२ स्टेप्सनंतर पुन्हा समेवर येतात. सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणाऱ्या यंत्रात) घुमटाचे, म्हणजे गोव्यातल्या मातीच्या चर्मवाद्याचे, आवाज भरून हे लावलं, तेव्हा भजनात तबला वाजवणारे आमचे काका हातावर ताल धरून बसले आणि शेवटी म्हणाले, "याला सम कळते की रे!" वरचा प्रोबॅबिलिटीचा (शक्यतेचा) नॉब थोडा फिरवला की मधले ठोके आपोआप गळतात, ठेका यांत्रिक वाटत नाही.

स्क्रीन इवलीशी. मिडीची (वाद्यं एकमेकांना जोडायच्या केबलची) भोकं छोटी, त्यामुळे डबीतले अडॅप्टर जपून ठेवा. आणि पॅटर्न सेव्ह केल्याशिवाय बंद करू नका.

सुरांचे दोन्ही सीक्वेन्सर एका वेळी एकच सूर देतात. कॉर्ड हव्या असतील तर कीस्टेप प्रो बघा. फक्त जुना अॅनालॉग सिंथ वाजवून घ्यायचा असेल तर कॉर्गचा एसक्यू-१ पुरे, तो पेन्सिल सेलवरही चालतो.