एससी-35 प्रतिपिंड: ठिपके उत्तम दिसतात, लेबलवर मात्र विसंबू नये

पेशीच्या केंद्रकात स्प्लायसिंगचे, म्हणजे आरएनएमधील इंट्रॉन नावाचे तुकडे कापून उरलेले भाग जोडण्याच्या क्रियेचे, घटक कोठे साठलेले असतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे असेल, तर प्रयोगशाळांतून बहुधा एससी-35 या मोनोक्लोनल (एकाच पेशीवंशातून मिळवलेल्या) आणि ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाचीच मागणी नोंदवली जाते. अंशतः शुद्ध केलेल्या स्प्लायसोसोमविरुद्ध (स्प्लायसिंग करणाऱ्या रेणूसंकुलाविरुद्ध) ते तयार करण्यात आले आणि 1990 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले.

चित्राच्या दर्जाबद्दल तक्रारीला जागा नाही. फॉर्मल्डिहाइडने स्थिर केलेल्या मानवी पेशींच्या केंद्रकांत साधारण 20 ते 50 अनियमित आकाराचे ठिपके, म्हणजेच न्यूक्लिअर स्पेकल, स्वच्छ उजळतात. प्रतिलेखन, म्हणजे डीएनएवरून आरएनए तयार होणे, थांबवणारे औषध दिल्यावर हेच ठिपके मोठे आणि गोलसर होतात. हा बदलही ते चोख टिपते.

अडचण लेबलमध्ये आहे. नावाप्रमाणे ते एसआरएसएफ2 हे सुमारे 35 किलोडाल्टनचे (किलोडाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) प्रथिन ओळखते, असे तीन दशके गृहीत धरले गेले; पण 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की त्याचे मुख्य लक्ष्य एसआरआरएम2 हे सुमारे 300 किलोडाल्टनचे प्रथिन आहे. गंमत अशी की स्पेकल पाहणाऱ्याचे यात नुकसान झाले नाही, कारण एसआरआरएम2 आणि सॉन ही दोन्ही प्रथिने काढून घेतली की स्पेकलच विरघळतात. म्हणजे प्रतिपिंडाने रचनेचा आधारस्तंभच पकडला होता. एसआरएसएफ2चे प्रमाण मोजणाऱ्यांना मात्र आपले जुने निष्कर्ष पुन्हा तपासावे लागतात.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उजळलेला ठिपका म्हणजे स्प्लायसिंगचे ठिकाण, असा अर्थ सरसकट लावता येत नाही. स्पेकलच्या गाभ्यात डीएनए फारसा नसतो, प्रतिलेखन मुख्यतः त्यांच्या कडेला आणि बाहेर चालते, आणि बहुसंख्य इंट्रॉन आरएनए तयार होत असतानाच कापले जातात. तरीही स्पेकलला निव्वळ कोठार म्हणणे अपुरे ठरेल, कारण त्यांच्या जवळ असलेल्या जनुकांचे स्प्लायसिंग अधिक कार्यक्षमतेने होते, असे 2024 मधील संशोधनात आढळले. म्हणून या प्रतिपिंडासोबत नवजात, म्हणजे नुकताच तयार होत असलेला, आरएनए दाखवणारी दुसरी खूण वापरली, तरच चित्रातून कामाबद्दल काही सांगता येते.

स्पेकल ओळखण्यासाठी पाचपैकी साडेचार तारे. एसआरएसएफ2 मोजण्यासाठी एकही नाही. त्या कामाला, ते प्रथिन काढून टाकलेल्या पेशींवर पारखलेले वेगळे प्रतिपिंड घ्यावे.