७२ चाचण्यांचं पॅकेज की डॉक्टरांची छोटी यादी? मधुमेह असणाऱ्यांसाठी

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत दर डिसेंबरला तपासणी शिबिर भरतं. लिफ्टमध्ये कागद लागतो: ७२ चाचण्या, मूळ किंमतीवर काट, खाली ‘फक्त रहिवाशांसाठी’ दीड हजार. आईला अकरा वर्षांपासून डायबेटिस आहे, जोडीला थायरॉईड. दोन वर्षं आम्ही ते पॅकेज घेतलं. गेल्या वर्षी सोडलं आणि डॉक्टरांकडून मोजकी यादी लिहून घेतली. आता दुसऱ्या मजल्यावरच्या काकू विचारतायत, “अगं, मी काय करू?” त्यांची साखरही जुनीच आहे, म्हणून दोन्ही अनुभव समोरासमोर ठेवते.

पॅकेजची सोय नाकारण्यात अर्थ नाही. सकाळी सातला क्लबहाउसमध्ये हात पुढे केला की काम झालं, रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर. एकेका चाचणीचा भाव काढला तर याहून स्वस्त काही मिळणार नाही. खरा खर्च सुरू होतो तो रिपोर्ट आल्यावर.

रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल रेंज’ बहुतेक चाचण्यांत निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांची असते. म्हणजे ठणठणीत माणसाचाही वीसातला एखादा आकडा रेंजबाहेर जाणारच. ७२ चाचण्या केल्या तर तीन-चार लाल अक्षरं नुसत्या हिशेबानेच निघतात. आईच्या रिपोर्टात पाच होती. रात्रभर ती चष्मा लावून तो पीडीएफ मोठा करून वाचत बसली. मग लिव्हरची एक चाचणी पुन्हा, सोनोग्राफी, दोन डॉक्टरांची फी. सगळं मिळून सहा हजारांच्या वर गेले आणि निघालं काहीच नाही. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

मला जास्त खुपलं ते वेगळंच. त्या ७२ मध्ये लघवीतलं मायक्रोअल्ब्युमिन नव्हतं! होती ती साधी ‘युरिन रुटीन’. मधुमेहात किडनीला त्रास सुरू झाला की लघवीतून प्रथिनं अगदी थोडी-थोडी जाऊ लागतात. लघवी तपासायच्या साध्या पट्टीला ती एवढ्यात दिसत नाहीत, आणि किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन तर बरंच नुकसान होऊन गेल्यावर वाढतं. ज्या टप्प्यावर औषधाने किडनी सांभाळता येते, नेमका तोच टप्पा त्या पॅकेजमधून निसटत होता.

आता यादी. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी: आकडा आटोक्यात असेल तर वर्षातून दोनदा, औषध बदललं असेल किंवा साखर हाताबाहेर असेल तर दर तीन महिन्यांनी. ती दरमहा करणं म्हणजे पैसे वाया, कारण तो आकडाच मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. सोबत हिमोग्लोबिन बघून घ्यावं. लोहाची कमतरता असेल तर ही शुगर खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते, आणि आपल्या घरातल्या बायकांचं हिमोग्लोबिन कसं असतं ते आपल्याला माहीतच आहे. मायक्रोअल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा. थायरॉईडची टीएसएच ही चाचणी गोळीचा डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, आकडा एकदा स्थिरावला की वर्षातून एकदा पुरतं. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर अधूनमधून व्हिटॅमिन बी१२. डोळ्यांत थेंब घालून पडद्याची तपासणी वर्षाला एकदा. पायांची तपासणी डॉक्टर तपासताना तिथेच करतात, मात्र मोजे काढायला आपण कंटाळतो.

गंमत म्हणजे वर्षअखेर हिशेब केला तेव्हा यादीचा खर्च पॅकेजपेक्षा थोडा जास्तच निघाला. पण तो एकदाच झाला, मागून मसाला लागला नाही.

खर्चाला कात्री लावायचीच तर कुठे? डॉक्टर कागदावर चाचणी लिहितात तेव्हा आम्ही आता विचारतो, “रिपोर्ट वाईट आला तर गोळी बदलणार का?” एकदा डॉक्टरच हसले आणि त्यांनी व्हिटॅमिन डी खोडलं. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांचंही तसंच. नुसत्या गोळ्यांवर असलेल्या माणसाने रोज बोट टोचून फारसं काही हाती लागत नाही. इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र पट्ट्यांत काटकसर करू नये, साखर एकदम खाली गेली तर ते जिवावर बेतू शकतं.

पैशाची खरोखरच ओढाताण असेल तर ठाण्याचं सिव्हिल आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. केस पेपर, रांग आणि रिपोर्टसाठी दुसरी फेरी यात अर्धा-एक दिवस मोडतो. हातावर पोट असलेल्याला तो दिवसही महागच पडतो. आमच्या घरी येणाऱ्या मावशी म्हणूनच रक्त खाजगीत देतात आणि गोळ्या तेवढ्या सिव्हिलमधून आणतात.

काकूंना मी म्हटलं, शिबिराला जायचं तर खुशाल जा, पण आधी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. “अगं, डोळे तपासलेत की २०२१ मध्ये,” त्या म्हणाल्या. तेव्हा चष्म्याचा नंबर काढला होता.