इटालियनमध्ये रस्ता विचारणं : ९० दिवस वापरून पाहिलं

मुलगी पादोव्हाला शिकते. तिच्याकडे व्हिसाचे पुरते ९० दिवस राहून आले. निघण्याआधी रस्ता विचारायची बारा इटालियन वाक्यं वहीत देवनागरीत उतरवून पाठ केली होती. त्यांचा हा अनुभव.

उच्चारात आपल्याला मोठा फायदा आहे. 'स्तात्सिओने' म्हणजे स्टेशन, 'प्यात्सा' म्हणजे चौक. यातला 'त्स' म्हणजे जवळजवळ आपल्या 'चूल', 'चमचा'मधला च. त आणि द आपल्यासारखेच दंत्य. 'स्कूझी, दोव्हे ला स्तात्सिओने?' एवढं म्हटलं की माणूस थांबतो. अनोळखी माणसाला 'स्कूझी'च म्हणा. 'स्कूझा' हे अरेतुरेतलं.

विचारणं आठवड्यात जमलं. उत्तर कळायला दीड महिना गेला, कारण वहीत उत्तरातला एकही शब्द नव्हता! 'देस्त्रा' उजवीकडे, 'द्रित्तो' सरळ, 'द्येत्रो' मागे. भरभर बोलताना तिन्ही सारखेच वाटतात. एका संध्याकाळी 'द्रित्तो' ऐकून मी उजवीकडे वळले आणि अर्धा तास भलतीकडेच चालत राहिले. तेव्हापासून ऐकलेलं तिथल्या तिथे परत म्हणून दाखवते : 'द्रित्तो, पोई आ सिनिस्त्रा?' म्हणजे सरळ, मग डावीकडे? चुकलं असेल तर लोक आपुलकीने सुधारतात, आणि हाताने दाखवतातच. तोंडाइतकंच हाताकडे लक्ष ठेवा.

व्हेनिस ट्रेनने अर्ध्या तासावर, त्यामुळे तिथे वरचेवर जाणं झालं. तिथे प्यात्सा म्हणतात ते सान मार्कोला. इतर चौक 'काम्पो', गल्ली 'काल्ले'. घरांचे नंबर गल्लीवार नाहीत. शहराचे सहा भाग आहेत आणि त्या-त्या भागात नंबर पुढे पुढे चालत जातात, त्यामुळे चार आकडी नंबर दाखवून काही उपयोग होत नाही. जवळचा काम्पो किंवा चर्च कोणतं ते आधी माहीत करून घ्या आणि तेच विचारा. परतताना 'फेर्रोव्हीआ' म्हणजे रेल्वे, असं लिहिलेल्या पिवळ्या पाट्या पुरतात.

फ्लोरेन्सला वेगळीच गंमत. दुकानांचे नंबर लाल, घरांचे काळे किंवा निळे, आणि दोन्हींची मोजणी वेगळी. एकाच रस्त्यावर तोच नंबर दोनदा सापडू शकतो. म्हणून पत्ता घेतानाच 'रोस्सो?' म्हणजे लाल का, हे विचारून घ्यायचं.

माझी मैत्रीण सप्टेंबरात जातेय. तिला वही दिलीय, पण सहा वाक्यं खोडून त्याजागी उत्तरांतले शब्द लिहिलेत. सगळ्यात वर 'प्यू प्यानो, पेर फाव्होरे' : जरा सावकाश बोला.